पुण्यात पीएचडी करताना मोकळा वेळ: नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी फीस्ट म्हणून श्रीखंड-पुरी खाऊन झोपले, रात्री आठला मेसच्या दाराशी गेले तर कुलूप. रूमपार्टनर शनिवारीच गावी गेलेली. परभणीहून आईचा फोन आला, तिला सांगितलं, “हो, जेवले.” मग बिस्किटाचा पुडा फोडला.

खरं दुखणं जेवणाचं नव्हतंच. त्या दिवशी मी अभ्यास केला नव्हता आणि आरामही केला नव्हता. दिवसभर लॅपटॉप उघडा, एक पीडीएफ समोर, मनात ‘वाचायला पाहिजे’ आणि हातात मोबाईल. एमएला असताना तास असायचे, परीक्षा असायची, त्यामुळे सुट्टी कधी लागली ते कळायचं. पीएचडीचं कोर्सवर्क एकदा संपलं की हजेरी घेणारं कुणी उरत नाही. सगळाच वेळ कामाचा, म्हणून कुठलाच वेळ मोकळा नाही.

आता माझं पाचवं वर्ष चालू आहे. दर जुलैत नव्या मुली येतात आणि तेच विचारतात, “ताई, सुट्टीच्या दिवशी करायचं काय?” त्यांना तोंडी सांगते तेच इथं क्रमाने लिहिते. तुम्ही एमए, एमएस्सीला आला असाल तरी चालेल, फक्त तुमचा वेळ थोडा जास्त बांधलेला असेल.

१. आधी आठ दिवस नुसतं लिहा

कुठेही जाण्याआधी एक वही घ्या आणि आठ दिवस तासागणिक लिहा: काय केलं, कुठे केलं. खोटं लिहू नका, वही कुणी बघणार नाही. माझ्या वहीत दोन गोष्टी निघाल्या. रात्री अकरानंतर दीड तास मोबाईलमध्ये जात होता. आणि दुपारी चार ते सहा मी ग्रंथालयात बसत होते खरी, पण डोळे पानावर आणि डोकं परभणीत. त्या दोन तासांत महिन्याभरात चार ओळींच्या पलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. मग ते दोन तास कामातून काढूनच टाकले. काम कमी झालं नाही.

आता मोकळ्या वेळाचे तीन आकार करा. तासाभराचा तुकडा, अख्खी संध्याकाळ आणि अख्खा दिवस. तुकड्यात टेकडी होते, ग्रंथालय होतं. नाटक होत नाही. संध्याकाळीत सिंहगड होत नाही. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: तुकडा हाती असताना दिवसाचे बेत करायचे आणि मग काहीच न करता रूमवर पडायचं.

आठवड्यात एक संध्याकाळ आणि पंधरा दिवसांत एक दिवस कॅलेंडरवर टाका, आणि गाईडना सांगून टाका. “मंगळवारी चारनंतर मी नसते” एवढंच. कारण द्यायची गरज नाही. मला भीती वाटत होती की सर काय म्हणतील. सर म्हणाले, “बरं. पण प्रबंधाचं प्रकरण शुक्रवारी पाहिजे.” गाईडना तुमच्या संध्याकाळीशी देणंघेणं नसतं, प्रकरणाशी असतं.

आणि एक ध्यानात घ्या, नोकरदारांना रविवारीच सुट्टी असते, तुम्हाला तसं बंधन नाही. पुण्यात रविवारी बाहेर पडणं म्हणजे रांगेत उभं राहणं. तोच सिंहगड बुधवारी जवळजवळ रिकामा असतो. फेलोशिप उशिरा येते, नोकरीची खात्री नाही, पण बुधवार आपला आहे; तो वापरा.

२. पहिली जागा: टेकडी

पुण्यातल्या माणसाला विचारा, “मोकळा वेळ मिळाला तर कुठे जाता?” निम्मे लोक म्हणतील, “टेकडीवर.” कुठली ते सांगणार नाहीत, कारण प्रत्येकाची ठरलेली असते. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, सेनापती बापट रस्त्यावरून चतुःशृंगी, दक्षिणेला पर्वती आणि तळजाई. सगळ्यात उंच वेताळ टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. तिथे खाणीचं पाणी आहे आणि सकाळी मोर ओरडताना ऐकू येतात. राहत्या जागेपासून चालत जाता येईल ती टेकडी निवडा. चांगली कुठली, हा प्रश्न नंतरचा.

मी हनुमान टेकडी धरली. पहिल्या दिवशी धापा टाकत वर गेले, फोटो काढला, खाली आले. दुसऱ्या दिवशी पाय दुखत होते म्हणून गेले नाही. नंतर मात्र एक नियम केला, आणि हा नियम या लेखातल्या सगळ्याच जागांना लागू आहे: कुठल्याही जागेला एकाच वाराला, एकाच वेळी, निदान तीनदा जायचं. आवडली नाही हे तिसऱ्या वेळेनंतर ठरवायचं. पहिल्या वेळी तुम्ही पाहुणे असता. दुसऱ्या वेळी रस्ता माहीत असतो. तिसऱ्या वेळी तिथलं कुणीतरी तुम्हाला ओळखतं.

माझ्या बाबतीत ते एक आजोबा होते. पांढरे बूट, हातात काठी. ती टेकण्यापेक्षा रस्त्यातले प्लॅस्टिकचे कागद उचलायला जास्त वापरत. मी मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी साडेसहाला जायचे. एका आठवड्यात गुरुवार चुकला. शनिवारी ते समोरून आले आणि न थांबता म्हणाले, “काय, परवा दांडी?” पुण्यात येऊन मला अडीच महिने झाले होते. माझ्या नसण्याची दखल या गावात पहिल्यांदा कुणी घेतली ती तेव्हा.

काळजी घ्यायची ती घ्या. अंधार पडल्यावर टेकडीवर एकट्याने थांबू नका, मुलांनीसुद्धा. लुटीच्या बातम्या अधूनमधून येतात. आडवाटेने जाऊ नका, दोन्ही कानांत इअरफोन घालून चालू नका. सकाळी गर्दी असते, तीच वेळ बरी.

३. जायचं कसं ते आधी लावून घ्या

गाडी नसेल तर पुणे अवघड आहे, असं सगळे सांगतील. अर्धं खरं आहे. पीएमपीच्या बसचा दैनिक पास काढून एक दिवस नुसते फिरा. कुठला रस्ता कुठे फुटतो ते डोक्यात बसायला यासारखं दुसरं काही नाही. मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना छेदतात. स्वारगेटला उतरलं की एसटी आणि शहर बस दोन्ही हाताशी. विद्यार्थ्यांना सवलतीचं कार्ड मिळतं. बोनाफाईड घेऊन पहिल्या आठवड्यातच ते काम उरका.

नाटकाहून परत येताना रात्री दहानंतर बस मिळेलच असं नाही. रिक्षात तिघी मिळून बसायची सोय आधी करून ठेवा. हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं ते मला सांगायला नकोच.

पेठांत दुपारी एक ते चार काही घ्यायला जाऊ नका. बरीच दुकानं बंद असतात. यावरचे विनोद तुम्ही ऐकले असतीलच, तरी एकदा तरी जाऊन परत याल.

४. दुसरं ग्रंथालय

कामाचं ग्रंथालय आणि मजेचं ग्रंथालय वेगळं ठेवा. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय किंवा भांडारकर संस्था ही माझी कामाची ठिकाणं. तिथे कथा-कादंबऱ्या वाचायला घेतल्या की अपराधी वाटतं. म्हणून शहरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी भरा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. महिन्याच्या वर्गणीत एका कॉफीचेही पैसे जात नाहीत, असं म्हणणार होते. पण कॉफी कुठे पिता त्यावर आहे. तिथे आपल्या विषयाचं एकही पुस्तक घ्यायचं नाही, हा माझा नियम. मी इतिहासाची, म्हणून तिथून फक्त रहस्यकथा आणि प्रवासवर्णनं आणते.

विकत घ्यायची असतील तर अप्पा बळवंत चौक आहेच. शैक्षणिक पुस्तकांची गर्दी जूनमध्ये असते. जुनी पुस्तकं चाळायची असतील तर ऑक्टोबरनंतर जा.

वस्तुसंग्रहालयाचंही असंच. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय सगळे एकदाच बघतात, दोन तासांत सगळी दालनं, आणि बाहेर आल्यावर काही आठवत नाही. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे संग्रहालय उभं केलं. तिथे एका वेळी एकच प्रकार बघा. मी एका दुपारी फक्त अडकित्ते बघितले. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कुणाची मूठ मोराची, कुणाची घोड्याची, कुणी त्यात माणसांची जोडीच कोरलेली. आमच्या आजीचा अडकित्ता काळा, बोथट, एका पायाचा स्क्रू सैल असा होता. त्या काचेसमोर मी अर्धा तास उभी होते आणि मग पाच मिनिटांत बाहेर आले. तिकीट वसूल.

५. संध्याकाळ: ‘प्रवेश विनामूल्य’

हे दोन शब्द पुण्यातल्या विद्यार्थ्याने पाठ करावेत. मराठी वर्तमानपत्रांच्या पुणे आवृत्तीत आतल्या पानावर शहरातल्या त्या दिवशीच्या कार्यक्रमांची यादी असते. व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, गाण्याची मैफल, चित्रप्रदर्शन. ती यादी सकाळी चहाच्या वेळी बघायची आणि दोनावर खूण करायची. एकाला जायचं.

व्याख्यानांचं हे वेड इथे जुनंच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून एप्रिल-मे महिन्यांत भरते. श्रोत्यांचं सरासरी वय तुमच्या दुप्पट असेल. मागच्या रांगेत बसा, भाषण कंटाळवाणं निघालं तर हळूच उठता येतं. पण प्रश्नोत्तरं चुकवू नका, खरी करमणूक तिथे आहे: प्रश्न विचारायला उठलेले काका प्रश्न सोडून सगळं बोलतात.

नाटकाची आवड लावून घ्यायची असेल तर महागड्या तिकिटापासून सुरुवात करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या असतात. १९६३ पासून चाललेली ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. तीन एकांकिका एका बैठकीत. एखादी फसते, एखादी घशात आवंढा आणते. पडदा पडल्यावर “आव्वाज कुणाचा” म्हणून जी आरडाओरड होते, त्यात तुमचं कॉलेज नसलं तरी ओरडा, कुणी विचारत नाही. व्यावसायिक नाटकाला बालगंधर्व किंवा कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. बाल्कनीचं तिकीट घ्या, ऐकू सगळं येतं. प्रायोगिक काही बघायचं तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच छोटा आहे. तिथे नटाचा घामही दिसतो.

शास्त्रीय गाणं कळत नाही म्हणून सवाई गंधर्व टाळू नका. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव दर डिसेंबरमध्ये होतो, अलीकडे मुकुंदनगरला. खुर्चीचं नको, भारतीय बैठकीचं तिकीट घ्या. स्वस्त असतं आणि शेजारचे लोक बोलके असतात. सोबत चादर, स्वेटर आणि बसायला उशी. पहिल्या वर्षी मी यातलं काहीच नेलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि प्रत्येक राग सुरू झाला की कानात नाव सांगितलं. त्यातला फक्त मारवा लक्षात राहिला. पुढच्या वर्षी तो मी स्वतः ओळखला. खरं तर तो पूरिया होता, पण काकू नव्हत्या म्हणून चाललं.

सिनेमाचं थोडक्यात: लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होणाऱ्या खेळांवर लक्ष ठेवा, आणि जानेवारीतल्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची नोंदणी वेळेत करा. दिवसाला दोनच बघा. पाच बघणारे तिसऱ्या दिवशी थिएटरात झोपलेले असतात.

विज्ञानवाले नसाल तरी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाला, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, जाऊन या. आपल्यासारखेच पीएचडीचे विद्यार्थी शाळेतल्या मुलांना कृष्णविवर समजावून सांगताना घामाघूम झालेले बघून बरं वाटतं.

६. अख्खा दिवस

सिंहगड पहिला. शनिवारवाड्याहून ५० नंबरची बस पायथ्याला जाते. सकाळी पहिल्या बसपैकी एक धरा. आतकरवाडीतून वर चढायला नव्या माणसाला दीड तास धरा. एक लिटर पाणी पुरत नाही, दोन घ्या. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. दही उतरायच्या आधी खा, चढून आल्या आल्या नको.

दुसरा बेत लोकलचा. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं. तिथून चालत भाजे गाव, मग पायऱ्या चढून भाज्याची लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेलं खोदकाम. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत, त्या वर मान करून नीट बघा. दम असेल तर तिथूनच पुढे लोहगड. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, त्यामुळे गर्दी वाढलेलीच आहे. पावसाळ्यातला शनिवार-रविवार इथे पूर्ण टाळा. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, म्हणून परतीची गाडी उतरल्याउतरल्याच बघून ठेवा. आम्ही एकदा ते केलं नाही आणि मळवलीच्या बाकावर दोन तास बसलो. मैत्रिणीने त्या वेळात सिनॉप्सिसचं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचं, शीर्षक बदललं, ते आरआरसीत (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत) मंजूरही झालं.

आषाढवारी पुण्यातून जाते तेव्हा एक दिवस काढा. माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटपून दिवेघाटातून सासवडला जाते, तो टप्पा चाला आणि सासवडहून बसने परत या. नवे बूट घालू नका. जुन्या चपला, टोपी, लिंबू-साखर.

७. माणसं कशी जमतात

“ओळखी करा” हा सल्ला निरुपयोगी आहे. ओळख करायला जाऊन होत नाही; हाताला काम असलं की होते. म्हणून जिथे हात लागतात तिथे जा: नाटकाच्या बॅकस्टेजला, ट्रेकच्या ग्रुपला, झाडं लावायला.

ढोल-ताशा पथकाबद्दल प्रत्येक जण विचारतो. गणपतीच्या साधारण दोन महिने आधी नदीकाठी सराव सुरू होतो, नव्यांना घेतात, वाजवता येण्याची अट नसते. पण रोज संध्याकाळी दोन-तीन तास जातात, ढोल कमरेला बांधून कंबर सुजते आणि मिरवणुकीनंतर आठवडाभर कान वाजत राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुमचा प्रगती अहवाल किंवा सबमिशन असेल तर त्या वर्षी नको. पहिल्या वर्षी, कोर्सवर्क चालू असताना, जरूर. मी दुसऱ्या वर्षी गेले, अहवाल उशिरा दिला, बोलणी खाल्ली. तरी माझ्या आजच्या निम्म्या मैत्रिणी त्याच पथकातल्या आहेत.

८. पैशांचं

फेलोशिप दर महिन्याला येईल असं गृहीत धरू नका. माझी एकदा सात महिने आली नाही आणि मग एकदम आली. म्हणून मजेचा पैसा वेगळ्या पाकिटात, रोख. मी महिन्याला आठशे ठेवते. पाकीट संपलं की टेकडी, व्याख्यान आणि ग्रंथालय. तिन्हींना जवळजवळ काही लागत नाही. उसने घेऊन कॅफेत बसू नका. गुडलक कॅफेत बन-मस्का आणि चहा घेऊन तासभर बसता येतं, पण रांग असेल तेव्हा उठावं.

९. शेवटी रविवार रात्र

सगळं जमलं तरी रविवारी रात्री पोटात खड्डा पडतोच. त्यासाठी वेगळा बंदोबस्त लागतो. आमचा असा आहे: ज्यांची मेस बंद आणि ज्या घरी गेल्या नाहीत, त्यांनी साडेसातला एका खोलीत जमायचं. तांदूळ एकीचे, मूगडाळ एकीची, कांदा-बटाटा जिला जमेल तिने. विजेच्या कुकरमध्ये खिचडी. हॉस्टेलवर कुकर चालत नसेल तर कॉट बेसिसवर (कुणाच्या घरी एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन) राहणारी एखादी मैत्रीण धरा, तिच्या घरमालकिणीला पहिल्याच रविवारी वाटीभर द्या, पुढे त्रास होत नाही. कामाचं बोलायचं नाही असा नियम केला होता, तो कधीच पाळला गेला नाही. तेव्हा फक्त पहिला अर्धा तास गाईडबद्दल तक्रारी, नंतर बंद.

पापड भाजायला गॅस लागतो, म्हणून तो घरून भाजूनच डब्यात आणायचा. लोणचं ज्या त्या गावचं. तूप मात्र माझं परभणीहून येतं, आणि ती बरणी मी कपाटात पुस्तकांच्या मागे ठेवते. सात जणींना वाढलं तर पंधरा दिवस पुरत नाही.